फी भरली, आता राहायचं कुठं?

पुणे विद्यापीठात एम.ए. करायला किती खर्च येतो, असं गावाकडून कुणी फोन करून विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुमच्या तालुक्यातलं कुणी आत आहे का? पोरांना वाटतं, मी टाळतोय. पण खर्चाचा निम्मा हिशोब त्या उत्तरावर ठरतो. वसतिगृहात ओळखीचा एखादा सीनियर असला तर सरकारी विद्यापीठ खरोखरच स्वस्तात पडतं. कुणीच नसलं तर फी जेमतेम असूनही पुणं पहिल्या दोन महिन्यांतच घाम काढतं.

मी लातूर जिल्ह्यातला. बी.ए. केलं ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजातून. मग एक वर्ष एमपीएससीच्या नादात गेलं, आणि २०२३ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागात एम.ए.ला आलो. घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन निघालं तर निघालं. मी अनुसूचित जातीतला आहे, त्यामुळं शिष्यवृत्ती आणि राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना यांवर बरंच लिहिलंय. ज्यांना त्या लागू नाहीत त्यांनी तो भाग ओलांडून पुढं जावं, पण बँक खात्याचं जे सांगितलंय ते वाचूनच जावं. ते सगळ्यांना लागू आहे.

माझा सीनियर शेजारच्या गावचा, इतिहास विभागात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जाणारा. वसतिगृहात त्याला सगळे ‘सरपंच’ म्हणायचे, कारण कुणाचंही काम अडलं की हा मध्ये. मी दादा म्हणायचो. आमची आधीची ओळख एवढीच की त्याचे चुलते आणि माझे पप्पा आठवडी बाजारात एकमेकांना राम राम घालायचे. तेवढ्या ओळखीवर पप्पांनी नंबर मिळवला आणि मला म्हणाले, “फोन कर, लाजू नको. विचारायला पैसे पडत नाहीत.”

दादानं पहिली गोष्ट सांगितली ती ही की आवारातले विभाग आणि संलग्न कॉलेजं यांत गल्लत करायची नाही. पुणे, नगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यांचे प्रवेश ती ती कॉलेजं करतात. गणेशखिंडीतल्या आवारात जे विभाग आहेत त्यांच्यासाठी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. आमच्याकडं अजूनही कित्येक जण कुठल्यातरी कॉलेजात एम.ए.ला नाव टाकतात आणि “पुणे विद्यापीठात आहे” म्हणून सांगतात. खोटं नाही ते, पण जयकर ग्रंथालयाचं कार्ड, आवारातलं वसतिगृह आणि विभागातली मास्तरमंडळी या गोष्टी त्यात येत नाहीत.

परीक्षा शंभर मार्कांची, पर्यायी प्रश्नांची, संगणकावर. थोडे प्रश्न सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेचे, बाकी सगळे विषयाचे. एमपीएससीचं वर्ष इथं कामाला आलं. राज्यघटना, पंचायतराज, ७३वी घटनादुरुस्ती हे सगळं तोंडपाठ होतं. अवघड गेलं ते राजकीय सिद्धान्त. प्लेटो, हॉब्ज, लॉक इथपर्यंत बी.ए.च्या गाईडवर भागलं. रॉल्सचं नाव मात्र मी दादानं पाठवलेल्या जुन्या प्रश्नांमध्येच पहिल्यांदा वाचलं. परीक्षेची तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की गाईड बाजूला ठेवा आणि विभागाच्या संकेतस्थळावर एम.ए.चा अभ्यासक्रम असतो तो उघडून बघा. प्रश्न काढणारे तेच शिकवतात.

परीक्षेपेक्षा कागदं जमवायला जास्त जीव खर्ची पडतो. पहिला कागद उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदाराचा लागतो, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून दादानं बजावलं होतं की एप्रिल उजाडला की अर्ज टाकायचा. निकाल लागेपर्यंत थांबलं तर जूनमध्ये सगळा तालुका सेतूच्या, म्हणजे दाखले देणाऱ्या केंद्राच्या, दारात उभा असतो. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानं हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. फी तेव्हा ३३ रुपये ६० पैसे. प्रत्यक्षात ३३ रुपये ६० पैशांत दाखला काढलेला माणूस मला आमच्या तालुक्यात भेटलेला नाही. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्डाची झेरॉक्स, पप्पांचा आधार, वर “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या”. एप्रिलमध्ये निदान “उद्या” म्हणजे उद्याच असतो.

दुसरा कागद टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. माझ्या कॉलेजातल्या ऑफिसात टीसी देणारे क्लार्क आठवड्यातले ठरावीक दिवसच सही करायचे आणि ते दिवस कुठंच लिहिलेले नव्हते. शेवटी मिळाली तेव्हा त्यांनी ती लगेच हातात दिली नाही. रजिस्टर फिरवून माझ्यासमोर ठेवलं, नावापुढं सही घेतली, टीसीच्या कोपऱ्यातला शिक्का वाळला का ते बोट लावून बघितलं आणि म्हणाले, “ही एकदाच मिळती बघ. हरवली तर पोलिसात तक्रार, मग ॲफिडेव्हिट, मग डुप्लिकेट. दहा झेरॉक्स मार आणि मूळ प्रत आईच्या पेटीत ठेव.” मला त्यांचा फार राग आलेला होता, पण हा सल्ला सोळा आणे खरा निघाला.

दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलायचा दाखला, लागतं. माझं नांदेडहून, विष्णुपुरीच्या आवारातून काढायचं होतं. त्याला टीसी लागते, म्हणून आधी टीसी, मग मायग्रेशन, मग पुण्यात एलिजिबिलिटीचा (पात्रतेचा) फॉर्म, असा क्रम. मध्ये वर्ष गेलेलं असलं तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. तेव्हा शंभरच्या स्टॅम्पवर व्हायचं. तहसीलबाहेर झाडाखाली बसलेल्या टायपिस्टकडं मजकूर तयारच असतो. त्यानं मला न विचारताच “सदर कालावधीत मी घरी शेतीकाम करीत होतो” असं टाईप केलं. वर्षभर अभ्यासिकेत घासलेलं सगळं असं एका ओळीत शेतीकामात जमा झालं. मी काही बदलायला लावलं नाही. कागद होतोय हेच खूप होतं.

गुणवत्ता यादीत नाव लागलं, विभागात मूळ कागद तपासले गेले, फी भरली. हा भाग दोन-तीन दिवसांत उरकतो आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सवलतीनंतर प्रवेशावेळी मी भरलेली रक्कम पुण्यात खोलीतल्या एका कॉटच्या महिन्याच्या भाड्याइतकीही नव्हती. पप्पांनी पावती दोनदा उलटून बघितली. मागं आणखी काही छापलंय का, याची खात्री करत होते.

आता पैशांचं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. २०२१पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली फीची रक्कम आपण उचलून संस्थेला भरायची असते. ही गोष्ट पोरांना माहीत नसते. खात्यात अचानक पैसे दिसतात, पोरगं नवा मोबाईल घेतं, आणि वर्षअखेरीस फी बाकी म्हणून नाव निघतं. खात्यात आलेले सगळेच पैसे आपले नसतात, हे प्रवेशाच्या दिवशीच डोक्यात पक्कं करून घ्यावं.

आणि हे पैसे येतात कुठल्या खात्यात? आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात येतात असं वाटतं. नाही. आधार ज्या खात्याशी जोडलेलं आहे, म्हणजे बँकेच्या भाषेत सीडिंग झालेलं आहे, त्याच खात्यात ते जातात. आधार दोन-चार खात्यांना लिंक असू शकतं, पण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे यायला त्यातलं एकच धरलं जातं, सहसा सगळ्यात शेवटी सीडिंग केलेलं. माझ्या खोलीतल्या एका पोराचे पैसे महिनोन्‌महिने “जमा झाले” असं दिसत होतं आणि खात्यात छदाम नव्हता. तो रोज पोर्टल उघडायचा, रोज शिव्या घालायचा. शेवटी दादानं त्याला आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती काढून दाखवली. पैसे गावाकडच्या एका खात्यात होते. ते खातं पोरगा आठवीत असताना गणवेशाच्या पैशांसाठी शाळेनं काढून दिलेलं. पासबुक कुणाकडं आहे तेही घरी ठाऊक नव्हतं. सुट्टीत जाऊन त्यानं ते सोडवलं. शिष्यवृत्ती कुठल्याही प्रवर्गाची असो, अर्ज भरण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करून घ्या.

स्वाधार ही वेगळी योजना. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, २०१६-१७ पासूनची. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आकडा ऐकून घरी सगळे हरखले. मी वहीत भागाकार मांडला. वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर जेवणाला महिना ३,२०० येतात, आणि तेवढ्यात मेस बरोब्बर बसत होती. राहण्याला मात्र महिना २,०००. आणि त्या वेळी सांगवी, खडकी, औंध या भागात कॉट बेसिसवर चार-साडेचार हजारांखाली काही मिळत नव्हतं, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट. म्हणजे ताट भरतं, पण गादी अर्धीच मिळते.

शिवाय पैसे आधी मिळत नाहीत. प्रवेश, हजेरी, राहण्याचा पुरावा, मग मंजुरी, मग हप्ता, असा तो मार्ग आहे. जुलैचं भाडं स्वाधारमधून द्यायचं ठरवून कुणी पुण्यात उतरू नये. राहण्याचा पुरावा हे तर वेगळंच प्रकरण. आमचा घरमालक एका खोलीत चार कॉट लावायचा आणि भाडं रोख घ्यायचा. करारनाम्याचं नाव काढलं की त्याला दुसरीकडचा फोन यायचा. “लिहून कशाला पाहिजे? मी तुम्हाला काढणारे का?” त्याची भीती आम्हाला काढण्याची नव्हतीच, कॉर्पोरेशनच्या टॅक्सची होती. शेवटी चौघांनी मिळून सांगितलं की कागद नसेल तर पुढच्या महिन्यात चौघंही दुसरी खोली बघतो. मग झाला कागद. विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात फाईल देताना प्रत्येक पानावर नंबर टाका आणि एक पूर्ण संच आपल्याकडं ठेवा, हेही दादाचंच सांगणं.

पण हे सगळं कॉट घेतल्यानंतरचं. त्याआधीचे काही आठवडे मी पॅरासाईट होतो. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही: ज्याच्या नावावर खोली नाही पण जो खोलीत राहतो, तो पॅरासाईट. जागा कमी, विद्यार्थी जास्त, आणि खोल्या गुणवत्ता व आरक्षणानुसार मिळतात. पहिल्या यादीत नाव नसलं की आपापल्या जिल्ह्याचा सीनियर शोधायचा. हे नियमात बसत नाही, सापडलं तर दंड असतो आणि शिक्षा खोलीवाल्याला आधी होते. म्हणून दादासारखी माणसं जे करतात त्याची किंमत मोठी आहे. स्वतःची खोली पणाला लावून त्यानं मला भिंतीकडची जागा दिली.

त्या खोलीचे कायदे ठरलेले होते. गादी सकाळी सातच्या आत गुंडाळून कपाटामागं उभी करायची, वर चादर टाकायची. बादली स्वतःची आणायची. बादलीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी राजकारणावरून होत नाहीत. दार कुणी वाजवलं तर मी उघडायचं नाही. कुणी विचारलं तर “भेटायला आलोय”. भाडं म्हणून कुणी पैसे घेत नाही, विचारलं तरी राग येतो. पण चहापत्ती-साखर संपू द्यायची नाही आणि रविवारी खोली आपण झाडायची, हे न सांगता कळायला हवं. माझ्याआधी एक पॅरासाईट होता, त्याला हे कळलं नव्हतं. त्याची गोष्ट मला पहिल्याच रात्री ऐकवण्यात आली, माझ्या मनोरंजनासाठी खास.

शिस्तीचा एक फायदा असा झाला की दिवसभर खोलीत थांबायची सोय नसल्यानं मी जयकरमध्ये जाऊन बसायला लागलो. जयकर म्हणजे विद्यापीठाचं ग्रंथालय, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं. तिथल्या वाचनकक्षात एमएच्या पुस्तकांइतकीच एमपीएससी-यूपीएससीची पुस्तकं उघडी असतात. एकाच टेबलावर एक जण कौटिल्य वाचतोय आणि दुसरा चालू घडामोडींचा अंक, हे नेहमीचं. जागेवर पुस्तक ठेवून चहाला गेलं तर किती वेळ जागा आपली, यावर अलिखित करार असतो. अर्ध्या तासानं पुस्तक बाजूला सरकवलं जातं आणि त्यावर तक्रार करायची नसते.

आवार ४११ एकरांचं. मुख्य गेटपासून विभागापर्यंत पायी चालत पावसाळ्यात पहिल्या दिवशी मी पुरता भिजलो. दादा छत्रीशिवायच चालायचा आणि चालता चालता इतिहास सांगायचा. मुख्य इमारत ही पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. २२ जून १८९७ला इथं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी होती, आणि ती आटोपून परतणाऱ्या रँडला चापेकर बंधूंनी याच गणेशखिंड रस्त्यावर गाठलं. विद्यापीठ आलं ते १० फेब्रुवारी १९४९ला, सावित्रीबाईंचं नाव लागलं ते २०१४मध्ये. हे सांगताना दादाचा आवाज असा काही लागायचा की वाटावं, मेजवानीला हाही होता.

विभागात पहिला महिना जड गेला. पेपर मराठीतून लिहिता येतो, वर्गात मराठीत बोलता येतं, पण रीडिंग्ज इंग्रजीत. दर आठवड्याला झेरॉक्सचा गठ्ठा. राज्यसंस्थेवरचा पहिलाच लेख मी तीन दिवस धरून बसलो आणि चौथ्या पानावर थांबलो. वर्गातल्या निम्म्यांची तीच अवस्था होती, फक्त कुणी बोलत नव्हतं. मग चंद्रपूरची एक मुलगी सरळ म्हणाली, “मला कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर सांगा, नसेल तर आपण मिळून वाचू.” तिथून आमचा गट सुरू झाला. अनिकेत कँटीनमध्ये चहा घेऊन बसायचं, एकानं परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं त्यातला मुद्दा आपल्या गावातलं उदाहरण देऊन सांगायचा, तिसऱ्यानं खोड काढायची. नागरी समाज ही कल्पना मला आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीच्या भांडणातून समजली, आणि परीक्षेत मी तेच उदाहरण लिहिलं. मार्क बरे पडले.

आमची तुकडी नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली. चार सत्रं, प्रत्येक सत्राला २२ क्रेडिट, एकूण ८८. संशोधन पद्धती सगळ्यांना सक्तीची, आणि दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग. राज्यशास्त्राच्या पोरानं जॉबवर जायचं म्हणजे नेमकं कुठं, हे कुणालाच सुरुवातीला उमगत नव्हतं. मी गावाकडच्या एका सरकारी कार्यालयात ग्रामसभांच्या नोंदी लावायला बसलो. पुस्तकात ज्या ग्रामसभेला लोकशाहीचा पाया म्हणतात तिचं इतिवृत्त मीटिंगच्या आधीच कसं लिहून तयार असतं, ते तिथं बघितलं. एम.ए.च्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त मी बहुधा त्या टेबलावरच शिकलो. अंतर्गत मूल्यमापनाला निम्मे मार्क असल्यानं प्रेझेंटेशन, टेस्ट, असाइनमेंट हे सतत चालू राहतं. परीक्षेआधी महिनाभर घासून पास होण्याची आमची बी.ए.ची सवय इथं चालत नाही.

वरखर्चासाठी कमवा व शिका योजना. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची, विद्यार्थी विकास मंडळाकडून चालते. दिवसाला दोन-तीन तास काम: ग्रंथालयात, विभागात, बागेत, ऑफिसात. मला नियतकालिकं लावायचं काम मिळालं. मानधनात चहा, झेरॉक्स आणि मोबाईलचा रिचार्ज भागायचा. बागेतल्या कामाला पोरं आधी लाजतात. माझ्या ओळखीचा एक जण वर्गातली मुलं दिसली की झाडामागं व्हायचा. पहिलं मानधन आल्यावर त्यानंच सगळ्यांना भेळ खिलवली आणि मग झाड पकडायचं सोडलं.

१४ एप्रिलच्या सुमारास सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम असतो. रात्री अकरानंतर डोळे मिटायला लागतात आणि शेजारचं अनोळखी पोरगं हळूच कोपर मारतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं आवार सगळ्यांसाठी खुलं असतं, तेव्हा आम्ही राज्यशास्त्रवाले पण दुर्बिणी बघायला रांगेत. मोठ्या विद्यापीठाचं मला हेच आवडलं, की जे शिकायला आलो नाही तेही पायी चालत जाऊन बघता येतं. सगळंच गोड नाही अर्थात. आपापल्या जिल्ह्याचे, आपापल्या जातीचे कंपू इथंही आहेत, आणि सीनियरची जी साखळी मला आत घेऊन आली ती तशीच बनलेली असते. ज्याच्या तालुक्याचं, समाजाचं कुणीच आत नाही अशी पोरं मी बघितलीत. कॉट परवडत नाही म्हणून पहिल्या सत्रातच गावी परतलेली. त्यांचे मार्क माझ्यापेक्षा कमी नव्हते.

म्हणून दुसऱ्या वर्षी माझ्या नावावर खोली लागली तेव्हा प्रवेशाच्या दिवसांत विभागाबाहेरच्या पायऱ्यांवर आम्ही काही जण ठरवून बसायचो. कुठला जिल्हा, ते विचारायच्या आधी कुठली कागदं राहिलीत ते विचारायचं, एवढाच नियम. एक पोरगा गडचिरोलीहून बापाला घेऊन आला होता. मायग्रेशन राहिलं होतं आणि बाप म्हणत होते, परत जाऊन येतो, रात्रीची गाडी आहे. आम्ही त्यांना आधी विभागात नेलं. हमीपत्र लिहून दिल्यावर मुदत मिळते का, ते विचारलं. मिळाली. त्या बापानं पिशवीतून मोहाचे लाडू काढले आणि चौघांच्या हातावर ठेवले. चव मला काही खास वाटली नाही, पण दुसरा मागून घेतला.

शेवटच्या सत्रानंतर एक काम उरतं आणि नोकरीच्या, सेटच्या (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेच्या) घाईत ते मागं पडतं: नो ड्यूज. ग्रंथालय, वसतिगृह, विभाग, सगळीकडचे शिक्के एका फॉर्मवर. तो झाल्याशिवाय डिपॉझिट परत येत नाही. डिपॉझिटसाठी प्रवेशावेळची मूळ पावती लागते, झेरॉक्स चालेलच असं नाही, तेव्हा ती टीसीसोबतच ठेवलेली बरी. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी, आणि पुढं दुसऱ्या विद्यापीठात बी.एड. करायचं असेल तर मायग्रेशन आता पुण्याहून काढायचं.